त्रेचाळीस डाव, त्यांतले नायडॉर्फ सहा

बुद्धिबळात काळ्या मोहऱ्यांसाठी अभ्याससाहित्य शोधायचंय म्हणून माझा एक मित्र माझ्याकडे आला, तेव्हा त्याच्याकडे साहित्य कमी नव्हतं. सिसिलियन नायडॉर्फ या ओपनिंगवरचा (ओपनिंग म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक चाली) एक मोठा व्हिडिओ कोर्स, किंग्ज इंडियनवरची दोन पुस्तकं, ग्रुनफेल्डचा अर्धवट पाहून सोडलेला एक कोर्स आणि ‘नंतर पाहू’ म्हणून जपून ठेवलेले शंभरेक व्हिडिओ. वय चौतीस, नोकरी पूर्णवेळ, बुद्धिबळासाठी आठवड्याला जेमतेम पाच तास, रेटिंग १५४०. पांढऱ्याने तो बरा खेळायचा. काळी मोहरी वाट्याला आली की डाव सुरू होण्याआधीच चेहरा पडायचा.

त्याचं म्हणणं साधं होतं. “काळ्यासाठी चांगलं काय आहे ते एकदा सांग. या वेळी नीट बघून घेतो आणि शेवटपर्यंत करतो.”

मी त्याला कुठलंच नाव सांगितलं नाही. आधी त्याचे डाव मागितले. हे प्रकरण सविस्तर लिहितोय ते एवढ्यासाठी की पुढे जे कामाला आलं ते सगळं त्या डावांतून निघालं. पहिल्याच भेटीत मी एखाद्या पुस्तकाचं नाव सांगून मोकळा झालो असतो, तर त्याच्या कपाटात आणखी एका पुस्तकाची भर पडली असती.

आठ महिन्यांत तो काळ्याने बहात्तर डाव खेळला होता. क्लबच्या स्पर्धांचे कागद त्याने जपून ठेवले होते, ऑनलाइन रॅपिडचे डाव एका फाइलीत उतरवून घेतले. एका रविवारी आम्ही सगळे एकत्र केले आणि फक्त पांढऱ्याची पहिली चाल पाहून गठ्ठे पाडले. ई४ (राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे) चे ४३, डी४ (वजिरासमोरचं) चे १९, उरलेले १० सी४, घोडा एफ३ वगैरे.

मग त्या त्रेचाळीस डावांत नायडॉर्फ खरोखर किती वेळा आला ते मोजलं. नायडॉर्फ येण्यासाठी पांढऱ्याने पाच चाली आपल्याला हव्या तशाच खेळाव्या लागतात: १. ई४ सी५ २. घोडा एफ३ डी६ ३. डी४, प्याद्यांची मारामारी, ४. घोड्याने डी४ वर मारणं, घोडा एफ६ ५. घोडा सी३, आणि मग काळ्याचं ए६. असे डाव निघाले सहा. बाकीच्या सदतीस वेळा समोरच्याने वाट आधीच बदलली होती. कुणी २. सी३ खेळलं, कुणी २. उंट सी४, कुणी प्यादं देऊन मोरा गॅम्बिट, कुणी २. घोडा सी३ आणि एफ४, तर कुणी तिसऱ्या चालीला उंट बी५ वर आणून शह दिला. म्हणजे ज्या कोर्सवर त्याने महिने घातले होते, तो सातातून एकदा उपयोगी पडत होता. त्या सहा डावांत त्याने चार गुण मिळवले होते, हेही सांगायला हवं. कोर्स वाईट नव्हता. ज्या पटासाठी तो बनवला होता, तो पट त्याच्यासमोर येतच नव्हता.

यानंतरची मोजणी त्याला आवडली नाही. ई४ विरुद्धच्या ४३ डावांत १३ विजय, ८ बरोबरी आणि २२ पराभव, म्हणजे १७ गुण. प्रत्येक डावातली बाराव्या चालीनंतरची स्थिती आम्ही स्टॉकफिश इंजिनला, म्हणजे स्थितीची किंमत आकड्यात सांगणाऱ्या संगणक-प्रोग्रामला, दाखवली आणि एक खूण ठरवून घेतली: दीड प्याद्यापेक्षा जास्त मागे असेल, तर तो डाव ओपनिंगमध्येच बिघडला असं धरायचं. असे डाव निघाले १४. त्यांतले ९ तो हरला होता, ५ कसेबसे वाचवले होते. म्हणजे बावीसपैकी तेरा पराभव बाराव्या चालीला ठीकठाक असलेल्या डावांत झाले होते. कुठे घोडा फुकट दिला होता, कुठे हत्तींचा अंतिम डाव जमला नव्हता.

“म्हणजे ओपनिंग बदलून उपयोगच नाही?” तो म्हणाला.

“आहे. पण नऊ पराभवांपुरता.”

त्या हिशेबाने आम्ही त्याच्या पाच तासांची वाटणी केली. दोन तास ओपनिंगला, तीन तास डावपेचांची कोडी आणि अंतिम डाव यांना. काळ्याचं साहित्य शोधायचं ते या दोन तासांत मावेल असंच. शोधाची पहिली अट अशी ठरली, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची होती.

ओपनिंग ठरवणं

तीन वाटा होत्या. सिसिलियनच ठेवायचं, पण नायडॉर्फ बाजूला ठेवून २. सी३, मोरा गॅम्बिट, उंट सी४ यांचा अभ्यास करायचा. किंवा ई४ ला ई५ ने उत्तर द्यायचं. किंवा कारो-कान, म्हणजे १. ई४ सी६ आणि पुढे डी५.

माझा कल सुरुवातीला ई५ कडे होता. त्यात मोहरी मोकळी होतात, डावपेच लवकर दिसू लागतात, आणि या पातळीवर शिकायला ते उत्तम असं बरेच प्रशिक्षक सांगतात. पण काळ्याने ई५ खेळायचं म्हणजे इटालियन, स्कॉच, स्पॅनिश, व्हिएन्ना, किंग्ज गॅम्बिट या सगळ्यांना काहीतरी उत्तर हवं. आठवड्याच्या दोन तासांत ते करायला वर्ष गेलं असतं. सिसिलियनचीही तीच गोष्ट.

कारो-कानच्या बाजूने दोन मुद्दे होते. पहिला असा की समोरच्याने काहीही केलं तरी काळ्याच्या पहिल्या दोन चाली बहुतेक वेळा त्याच राहतात, त्यामुळे फाटे कमी फुटतात. दुसरा मुद्दा डी४ विरुद्धचा. तिथे स्लाव्ह घेतला, म्हणजे १. डी४ डी५ २. सी४ सी६, तर प्याद्यांचा सांगाडा पुन्हा सी६ आणि डी५. १. सी४ किंवा १. घोडा एफ३ लाही हाच सांगाडा उभा करता येतो. एकाचा अभ्यास दुसरीकडे कामाला येतो. (पूर्णपणे नाही. हा अपवाद आम्हाला पुढे नडला, ते येईलच.)

होराशियो कारो आणि मार्कस कान यांनी १८८६ मध्ये या बचावाचं विश्लेषण प्रसिद्ध केलं, त्यावरून त्याला हे नाव पडलं. पुढे कापाब्लांका, बोटविनिक, पेट्रोशियन, कार्पोव्ह असे चार जगज्जेते तो खेळले. जुने, पूर्ण, चांगल्या खेळाडूंचे डाव ढीगभर उपलब्ध असणं ही साहित्याच्या दृष्टीने मोठीच सोय असते, आणि ती पैसे न मोजता मिळते.

शोध

आता अडचण अशी की कारो-कानमधले त्याचे स्वतःचे डाव शून्य. मग समोरचे काय खेळतील ते कसं कळणार? इथे लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळाचा ओपनिंग एक्सप्लोरर उपयोगी पडला. त्यात दोन वेगळे साठे आहेत आणि त्यांतला फरक फार लोक लक्षात घेत नाहीत. एक मास्टर्सचा: फिडे या जागतिक संघटनेचं रेटिंग २२०० च्या वर असलेल्या खेळाडूंचे, १९५२ पासूनचे, प्रत्यक्ष पटावरचे डाव. दुसरा लिचेसवरच खेळलेल्या सर्वसामान्य डावांचा, आणि त्याला रेटिंग व वेळेची चाळणी लावता येते. आम्ही रॅपिड आणि क्लासिकल ठेवलं, १४०० ते १८०० च्या आसपासचे गट निवडले आणि १. ई४ सी६ नंतर एकेक फांदी पाहत गेलो.

दोन साठ्यांत चित्र वेगळं दिसलं. मास्टर्सच्या साठ्यात २. डी४ डी५ नंतर ३. ई५ आणि ३. घोडा सी३ या मोठ्या वाटा. त्याच्या पातळीवर ३. ई५ बरोबरीने ३. ई गुणिले डी५, म्हणजे सरळ मारामारी, खूप मोठी. घोडा सी३ त्यांच्या मागे. शिवाय मास्टर्स फारसे ज्याकडे वळत नाहीत त्या २. घोडा एफ३, २. उंट सी४ अशा चाली इथे सर्रास दिसत होत्या. कुणाला ओपनिंगचं साहित्य विकत घ्यायचं असेल, तर आधी ही दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवून पाहावीत असं मी आग्रहाने सांगेन. बहुतेक पुस्तकं आणि कोर्स पहिल्या चित्रावरून लिहिलेले असतात. आपण खेळतो दुसऱ्या चित्रात.

मग आम्ही एक परीक्षा तयार केली. पाच स्थिती एका कागदावर लिहिल्या:

पुढे रेटलेलं प्यादं आणि लगेच एच४ (३. ई५ उंट एफ५ ४. एच४). मारामारी करून उंट डी३ (३. ई गुणिले डी५ सी गुणिले डी५ ४. उंट डी३). तीच मारामारी, पण ४. सी४, म्हणजे पानोव्ह. दोन घोडे (२. घोडा एफ३ डी५ ३. घोडा सी३). आणि ३. एफ३, ज्याला फँटसी म्हणतात.

कुठलंही पुस्तक, कोर्स, व्हिडिओमालिका हातात आली की तिची अनुक्रमणिका किंवा फुकट नमुना घ्यायचा आणि या पाच स्थितींना किती जागा दिलीय ते पाहायचं. अर्धा तास पुरतो. प्रत्येक ठिकाणी दोनच प्रश्न: काळ्याची चाल सांगितलीय का, आणि ती का खेळायची ते एका वाक्यात तरी सांगितलंय का.

पहिल्या स्थितीवर बरेच जण पास झाले, कारण तिथला सापळा प्रसिद्ध आहे. ४. एच४ ला काळ्याने सवयीने ई६ केलं की ५. जी४ उंट ई४ ६. एफ३ उंट जी६ ७. एच५ आणि उंट मेला. म्हणून आधी एच५ किंवा एच६ खेळून उंटाला जागा ठेवावी लागते. तालने ४. एच४ ची चाल बोटविनिकविरुद्ध १९६१ च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात वापरली होती, त्यामुळे तिचा उल्लेख कुठेही सापडतो.

दुसऱ्या आणि चौथ्या स्थितीवर मात्र बहुतेकांची दांडी उडाली. एका गाजलेल्या कोर्समध्ये घोडा सी३ च्या मुख्य लाइनला (चालींच्या क्रमाला) विसाव्या चालीपलीकडे नेलं होतं आणि दोन घोड्यांना एक छोटंसं प्रकरण होतं. उंट डी३ ला तर ‘काळ्याला सोपी बरोबरी’ एवढाच शेरा. बरोबरी खरी, पण १५४० च्या खेळाडूला ती मिळवायची कशी?

चेसेबल या कोर्सच्या संकेतस्थळावर अनेक कोर्सच्या छोट्या फुकट आवृत्त्या मिळतात. त्या या परीक्षेसाठी फार सोयीच्या पडल्या. विकत घेण्याआधी लेखकाची समजावण्याची पद्धत कळते. व्हिडिओंमध्ये सेंट लुईस चेस क्लबची व्याख्यानं आम्ही पाहिली. त्याहून जास्त उपयोग झाला तो दिवंगत ग्रँडमास्टर डॅनियल नारोडित्स्की यांच्या त्या मालिकांचा, ज्यांत ते कमी रेटिंगपासून चढत जात आपला विचार मोठ्याने बोलून दाखवतात. समोरचे तिथे पुस्तकातल्या चाली खेळत नाहीत, आपल्यासारखेच खेळतात, आणि अशा चालींना काळ्याने काय करायचं ते ऐकायला मिळतं. ते गेल्यावरही त्यांचं शिकवणं असं घरोघर चालू आहे, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

दोन घोड्यांचा डाव

तिसऱ्या आठवड्यात घोळ झाला. माझी परीक्षा पूर्ण होईपर्यंत थांबायला तो तयार नव्हता. एका दहा मिनिटांच्या व्हिडिओत त्याने ऐकलं की कारो-कानमध्ये डी५-ई४ मारामारी झाली की पांढऱ्या घरांवरचा उंट एफ५ वर आणायचा, बस्स. ते वाक्य घेऊन तो क्लबच्या स्पर्धेत बसला.

डाव असा गेला: १. ई४ सी६ २. घोडा एफ३ डी५ ३. घोडा सी३ डी गुणिले ई४ ४. घोडा गुणिले ई४ उंट एफ५ ५. घोडा जी३ उंट जी६ ६. एच४ एच६ ७. घोडा ई५ उंट एच७ ८. वजीर एच५. एफ७ वर मातेची धमकी म्हणून जी६. मग ९. उंट सी४. वजीर खाता येत नाही, कारण मग उंटाने एफ७ वर मात आहे. ९... ई६ १०. वजीर ई२. आणि त्याने १०... घोडा एफ६ खेळून शांतपणे चहाचा घोट घ्यावा तसा घड्याळाचा खटका दाबला. ११. घोडा गुणिले एफ७ आलं. राजाने घोडा खाल्ला तर १२. वजीर गुणिले ई६ शह, राजा जी७, १३. वजीर एफ७ मात. त्याने न खाता आणखी काही चाली काढल्या, पण डाव तिथेच संपला होता.

रात्री फोन आला. “अरे, मुख्य लाइनमध्ये हेच तर खेळतात! उंट एफ५, उंट जी६, एच६. मग माझंच काय चुकलं?”

त्याचा प्रश्न अगदी रास्त होता, आणि उत्तरासाठी आम्ही दोन पट शेजारी मांडले. मुख्य लाइनमध्ये पांढऱ्याने डी४ खेळलेलं असतं आणि त्याचा राजाकडचा घोडा अजून जी१ वरच असतो. एच४ एच६ झाल्यावर तो एफ३ वर येतो, तेवढ्यात काळा घोडा डी७ वर आणून ई५ च्या घरावर पहारा बसवतो. दोन घोड्यांच्या लाइनमध्ये पांढऱ्याने डी४ वर वेळ घालवलेलाच नसतो. घोडा आधीपासून एफ३ वर तयार असतो आणि एका उडीत ई५ वर बसतो, पहारा बसायच्या आत. काळ्याच्या चाली त्याच, एका चालीचा फरक, आणि चांगला उंट एच७ च्या कोठडीत.

दहा मिनिटांच्या व्हिडिओत हे सांगायला जागा नव्हती. मी त्या व्हिडिओला दोष देत नाही. ‘बस्स’ म्हणणाऱ्या कुठल्याही साहित्याकडे मात्र तेव्हापासून सावधपणे पाहतो.

मग योग्य उत्तराचा शोध घेतला आणि तो लागला सत्तरेक वर्षांपूर्वीच्या डावात. १९५७ मध्ये बोटविनिक जगज्जेतेपद स्मिस्लोव्हकडे हरला आणि १९५८ मध्ये परतीचा सामना झाला. त्याच्या पहिल्याच डावात स्मिस्लोव्हने दोन घोडे खेळले आणि बोटविनिकने ३... उंट जी४ असं उत्तर दिलं. ४. एच३ ला उंटाने घोडा मारून टाकला, घोडा एफ६, ई६ अशी प्यादी-मोहरी नीट लावली आणि डाव जिंकला. उंट दिला, पण ई५ वर उडी मारणारा घोडाच नाहीसा केला. माझ्या मित्राने तो डाव तीनदा पटावर खेळून पाहिला, हाताने मोहरी हलवत. पडद्यावर नाही. त्यानंतर ही लाइन तो विसरलेला नाही.

दुसऱ्या नावाखाली असलेलं साहित्य

आता उरली मारामारीची स्थिती, जिथे सगळी पुस्तकं ‘सोपी बरोबरी’ म्हणून पुढे गेली होती. इथे आम्हाला जे सापडलं त्याचा मला सगळ्यात जास्त आनंद झाला.

३. ई गुणिले डी५ सी गुणिले डी५ ४. उंट डी३ नंतर सी३ झालं की प्याद्यांकडे पाहा. काळ्याची सी वाट (उभी रांग) अर्धी मोकळी, पांढऱ्याची ई वाट अर्धी मोकळी. क्वीन्स गॅम्बिटच्या मारामारीच्या प्रकारात हाच सांगाडा येतो, फक्त रंग उलटे. तिथे पांढरा बी४-बी५ करत वजिराच्या बाजूने अल्पसंख्य प्याद्यांचा हल्ला करतो. कारो-कानमध्ये तोच हल्ला काळ्याला बी५-बी४ करून करता येतो. आणि त्या हल्ल्यावर पांढऱ्याच्या बाजूने लिहिलेलं साहित्य भरपूर आहे! आम्ही ते घेतलं आणि पट उलटा करून वाचलं.

पानोव्हचंही तसंच. ४. सी४ नंतर पुढे मारामारी झाली की पांढऱ्याचं डी४ वरचं प्यादं एकटं पडतं. एकट्या प्याद्याविरुद्ध कसं खेळायचं, डी५ चं घर कसं धरायचं, मोहरी कधी कमी करायची, यावरची प्रकरणं कारो-कानच्या पुस्तकात थोडकी असतात. क्वीन्स गॅम्बिट ॲक्सेप्टेड, निम्झो-इंडियन आणि गंमत म्हणजे सिसिलियनच्या त्याच २. सी३ मध्ये भरपूर. तो जिथून पळून आला होता तिथलंच एक प्रकरण त्याला पुन्हा वाचावं लागलं.

म्हणून डेटाबेसमध्ये शोधताना आम्ही संकेतांकावर अवलंबून राहिलो नाही. ओपनिंगच्या ए०० ते ई९९ अशा पाचशे संकेतांकांत कारो-कान बी१० ते बी१९ मध्ये बसतो, आणि आदर्श डाव गोळा करायला सुरुवात म्हणून ते ठीक आहे. पण तोच सांगाडा दुसऱ्या क्रमाने आला तर तो दुसऱ्याच अक्षराखाली नोंदला जातो. स्थिती टाकून शोधलं की सगळे एकत्र मिळतात. नवे डाव द वीक इन चेसमधून मिळाले. मार्क क्राउदर १९९४ पासून दर आठवड्याला स्पर्धांचे डाव त्यातून देत आले आहेत आणि ते फुकट उतरवून घेता येतात. एकूण चोवीस पूर्ण डाव निवडले. त्यांत कार्पोव्हचे सर्वात जास्त, कारण त्याच्या डावांत विसाव्या चालीनंतरही काळा काय करतोय ते माझ्यासारख्याला समजतं.

स्लाव्हबद्दल थोडक्यात. आम्ही तिथेही एकच पुस्तक घेतलं, आणि पाच स्थितींची तीच परीक्षा लावून. त्याच्या १९ पैकी ८ डावांत समोरच्याने लंडन, म्हणजे लवकर उंट एफ४, खेळलं होतं, म्हणून अर्धा वेळ स्लाव्हऐवजी लंडनला दिला. मघाशी म्हटलं ती सावधगिरी इथे पुन्हा आली: ३. घोडा सी३ घोडा एफ६ ४. घोडा एफ३ नंतर सांगाडा ओळखीचा वाटला म्हणून लगेच उंट एफ५ केलं, तर ५. सी गुणिले डी५ आणि ६. वजीर बी३ ने बी७ चं प्यादं अडचणीत येतं. आधी डी५ च्या प्याद्याने सी४ घ्यायचं, पांढऱ्याने ए४ केलं की मग उंट. दोन घोड्यांचा चटका ताजा होता, त्यामुळे हे त्याने स्वतःच विचारलं: “इथे चालतं का ते एफ५?”

फाइल

शेवटी जे साहित्य रोज वापरात राहिलं ते विकत मिळणारं नव्हतं. लिचेसच्या स्टडीमध्ये त्याने स्वतःची फाइल बांधली. पहिला मसुदा भयंकर झाला होता. कोर्सची सगळी फांद्यांची जाळी त्याने उतरवून घेतली होती. आम्ही बसून छाटणी केली. पांढऱ्याच्या प्रत्येक चालीला काळ्याचं एकच उत्तर. लाइनची लांबी एक्सप्लोररमध्ये त्याच्या पातळीवरचे डाव जिथपर्यंत एकत्र राहतात तिथपर्यंत, वर एक चाल. आणि प्रत्येक लाइनच्या शेवटी त्याच्या शब्दांत एक वाक्य. ‘इथून बी५-बी४.’ ‘सी५ केल्याशिवाय श्वास मिळणार नाही.’ ‘घोडा ई५ वर बसू द्यायचा नाही.’ ज्या लाइनला असं वाक्य लिहिता आलं नाही, ती लाइन समजलेली नाही असं धरून बाजूला काढली. उरल्या ६२.

त्या ६२ लाइन तो दिवसाला दहा-बारा मिनिटं घोकतो, वाढत्या अंतराने उजळणी करणाऱ्या साधनावर. एबिंगहाउसने १८८५ मध्ये विस्मरणावर जे प्रयोग मांडले, त्यांतूनच ही अंतर वाढवत जाण्याची पद्धत पुढे आली. ती काम करते. पण ती चाल पाठ करून देते, कारण पाठ करून देत नाही. म्हणून ते एक वाक्य.

इंजिनवरून एकदा भांडण झालं. कुठल्याशा लाइनला पांढऱ्याच्या बाजूने ०.४ दिसलं म्हणून तो ती टाकून द्यायला निघाला. मी त्याला डावाची आरंभीची स्थिती इंजिनला दाखवायला लावली. पहिली चाल पांढऱ्याची म्हणून तिथेच पाव प्याद्याच्या आसपास आकडा असतो. मोठ्या डेटाबेसांतही पांढऱ्याला ५४-५५ टक्के गुण मिळतात. काळ्याच्या लाइनकडून शून्याची अपेक्षा धरली तर एकही लाइन टिकणार नाही.

पुढच्या सहा महिन्यांत ई४ विरुद्ध ३५ डाव झाले: १४ विजय, ९ बरोबरी, १२ पराभव, म्हणजे साडेअठरा गुण. बाराव्या चालीला बिघडलेले डाव आधी ४३ मध्ये १४ होते, आता ३५ मध्ये ३. पस्तीस डावांवरून फार मोठं विधान करता येत नाही, शिवाय याच काळात तो कोडीही सोडवत होता, त्यामुळे गुण किती कशामुळे वाढले ते वेगळं काढता येणार नाही. बाराव्या चालीचा आकडा मात्र मला खरा वाटतो. तिथे कोडी मदतीला येत नाहीत.

नायडॉर्फचा कोर्स त्याने काढून टाकलेला नाही. वेळ वाढला तर परत जाईन म्हणतो, आणि जावं असं मलाही वाटतं.

फाइलीत ३. एफ३ ची लाइन आहे, उत्तर ई६, खाली त्याचं वाक्यही आहे. तिच्यापुढे ‘प्रत्यक्षात आली’ या रकान्यात अजून शून्य आहे. दोन घोड्यांच्या रकान्यात सात आहेत. सातही वेळा उंट जी४.